पिण्याच्या पाण्यावर चालणारा पंप बसवावा का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई मूळच्या लातूरच्या, आता मध्य न्यू जर्सीतल्या एका उपनगरात स्वतःच्या घरात राहतात. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री वादळी पावसात पाच तास वीज गेली. बेसमेंटच्या खड्ड्यात झिरपून साचलेलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप बंद पडला, खड्डा भरून वाहू लागला आणि घरातले सगळे टॉर्चच्या उजेडात बादल्यांनी पाणी उपसत राहिले. तरी कार्पेट गेलंच. आता त्यांच्या मिस्टरांनी ठरवलंय की नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारा बॅकअप पंप आणायचा आणि स्वतःच बसवायचा. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, एकदा बसवला की काळजी मिटली, असं त्यांचं म्हणणं. ताईंना बॅटरीचा पंप हवा आहे. त्या लिहितात, "२०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. माझी आई तेव्हा रोज घागरी घेऊन रांगेत उभी राहायची. पिण्याचं पाणी ओतून गढूळ पाणी बाहेर फेकायचं, हे माझ्या हातून व्हायचं नाही." डिसेंबरात सगळे पाच आठवड्यांसाठी भारतात जाणार आहेत. निघताना पाइप गोठून फुटू नयेत म्हणून ते घराचा मुख्य व्हॉल्व्ह दर वेळी बंद करून जातात. दोघांपैकी कोणाचं बरोबर, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, नमस्कार.

पाण्याबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मी बाजूला सारणार नाही. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे लातूरला पोचलेल्या त्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं, आणि अख्ख्या शहराचा जीव त्यावर टांगलेला होता. ते दिवस ज्या घराने काढले, त्या घरातल्या मुलीला नळाचं पाणी नुसतं ढकलायला वापरणं खटकणारच. पण खटकतंय तर आकडे मांडून बघू या.

या पंपात मोटर नसते. नळाचं पाणी एका बारीक तोंडातून जोरात सोडतात. तिथे त्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या ओढीने खड्ड्यातलं पाणी वर खेचलं जातं. मग दोन्ही पाणी एकत्र होऊन एकाच पाइपातून घराबाहेर पडतं. खड्ड्यातला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकडा, वर आला की व्हॉल्व्ह उघडतो, खाली गेला की मिटतो. दाब चांगला असेल तर एक गॅलन नळाचं पाणी खर्चून साधारण दोन गॅलन उपसलं जातं. दाब पडला की हे प्रमाण घसरतं.

समजा त्या रात्री तुमच्या खड्ड्यात मिनिटाला चार गॅलन पाणी येत होतं. ते बाहेर काढायला मिनिटाला दोन गॅलन नळाचं पाणी लागलं असतं. पाच तासांचे झाले ६०० गॅलन, म्हणजे सुमारे २,२७० लिटर. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या आणि वर थोडं. हे कमी नाही. पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या हिशोबाने इथलं सरासरी कुटुंब रोज ३०० गॅलनहून जास्त पाणी वापरतं. म्हणजे घरातला दोन दिवसांचा खर्च, आणि तोही जेव्हा वीज जाईल तेवढ्याच वेळी. त्या रात्री कचऱ्यात गेलेलं कार्पेट, त्याखालचा फोम, ते सुकवायला दिवसरात्र चालवलेले पंखे, हेही त्याच वहीत लिहायला हवं. उन्हाळ्यात हिरवळीवर फवारे चालू असतील, तर तुमची पाण्याची खरी बचत तिथे आहे. वर्षातून एखाद्या रात्री चालणाऱ्या पंपात ती सापडणार नाही.

खरी नासाडी वेगळ्या वाटेने होते, आणि ती मिस्टरांच्या ‘बसवला की काळजी मिटली’ या वाक्यात दडलेली आहे. मुख्य पंप कधीतरी जळतो, त्याचा फ्लोट अडकतो. तसं झालं की पाण्यावरचा पंप मुकाट्याने त्याचं काम अंगावर घेतो. बेसमेंट कोरडं राहतं, म्हणून कोणी खाली बघत नाही. मिनिटाला दोन गॅलन म्हणजे दिवसाला २,८८० गॅलन पिण्याचं पाणी बाहेर वाहत राहतं आणि कळतं ते बिल आल्यावर. म्हणून बॅकअप सुरू झाला की ओरडणारा, स्वतःच्या सेलवर चालणारा अलार्म हवाच. त्याशिवाय हा पंप बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता ‘पाणी की बॅटरी’ या वादाकडे. तुम्ही दोघं तत्त्वावरून भांडताय आणि खड्डा अजून कोणी मोजलेलाच नाही. न्यू जर्सीने दोन अगदी वेगळ्या आपत्ती पाहिल्या आहेत. २९ ऑक्टोबर २०१२ ला सॅन्डी चक्रीवादळ आलं तेव्हा राज्यातल्या वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि कित्येकांकडे ती आठवडाभर आलीच नाही. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या पावसात शेजारच्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पडला. पहिल्या प्रसंगी पंप किती दिवस टिकतो यावर सगळं अवलंबून होतं, दुसऱ्या प्रसंगी तो मिनिटाला किती उपसतो यावर. पाण्यावरचा पंप नळ चालू आहे तोवर चालतो, पण उपसा बेताचा. बहुतेक घरगुती मॉडेल तासाला पाचशे ते हजार-बाराशे गॅलनच्या घरात असतात. चांगला बॅटरी पंप याहून जोरात उपसतो, पण ७५ अँपिअर-अवरची बॅटरी सलग चालली तर पाच-सात तासांत संपते. पाणी थांबून थांबून येत असेल तर जास्त पुरते. तिचं आयुष्य तीन ते पाच वर्षांचं, आणि भारतातल्या घरी इन्व्हर्टरची बॅटरी सांभाळली असेल तर तिच्याकडे लक्ष नाही दिलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खिडकीतून किंवा दारातून रस्त्यावरचं पाणी आत शिरलं तर मात्र कोणताच सम्प पंप पुरा पडत नाही.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी पुढच्या जोरदार पावसात खाली जा. पाऊस तासभर तरी पडून गेलेला असू द्या. मुख्य पंपाचा प्लग काढा, खड्ड्याच्या कडेला मोजपट्टी धरा आणि पाणी एक इंच चढायला किती सेकंद लागतात ते बघा. मुख्य पंप जिथे बंद होतो आणि जिथे सुरू होतो, त्या दोन खुणांच्या मधे मोजा. त्याच्या वर पाणी आजूबाजूच्या खडीतही पसरतं आणि आकडा फसवा येतो. १८ इंच व्यासाच्या गोल खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे १.१ गॅलन. इंचाला १५ सेकंद लागले तर मिनिटाला ४.४ गॅलन, तासाला २६४. एवढं पाण्यावरचा पंप आरामात उचलेल. इंचाला चारच सेकंद लागले तर तासाला जवळजवळ हजार गॅलन येताहेत, आणि मग तुमचा बॅटरीचा आग्रह बरोबर ठरतो, फक्त कारण वेगळं. मोजून झालं की प्लग परत लावा.

दुसरं मोजमाप नळाचं. बागेच्या नळाला लावायचं प्रेशर गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. खोक्यावरचा उपशाचा आकडा बहुधा ६० पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबाला आणि ठरावीक उंचीला धरून छापलेला असतो. तुमच्याकडे ५५ असेल आणि पाणी उलटं शिरू नये म्हणून मधे बसवायचं उपकरण त्यातले दहा-बारा खाणार असेल, तर पंपाला मिळतील त्रेचाळीस-पंचेचाळीस. उत्पादकाच्या तक्त्यात त्या दाबापुढचा आणि तुमच्या उंचीपुढचा आकडा वाचा. उंची म्हणजे खड्ड्यातल्या पाण्यापासून बाहेर जाणारा पाइप जिथे सगळ्यात वर जातो तिथपर्यंतची, साधारण आठ-दहा फूट. चाळीसच्या खाली दाब जात असेल तर हा विचार सोडून द्या. नळाची लाइनही पाऊण इंची किंवा जाड हवी. अर्ध्या इंचाच्या फाट्यावरून जोडून पंप नुसता फुरफुरतो.

याच सदरात इतर वाचकांसाठीही सांगते: ज्यांच्या घराला खाजगी बोअरवेलचं पाणी आहे, त्यांनी हा पंप घेऊ नये. वीज गेली की बोअरचा पंप बंद, नळ बंद, आणि बॅकअपही बंद. शहराच्या पाण्याला बहुतेक वेळा उंच टाक्यांचा आणि जनरेटरचा आधार असतो, म्हणून ते येत राहतं.

आणि ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. भारतात जाताना तुम्ही मुख्य व्हॉल्व्ह बंद करता. तो बंद केला की पाण्यावर चालणारा पंप मेला. म्हणजे ज्या पाच आठवड्यांत घरात बादली उचलायलाही कोणी नाही, नेमके तेवढे दिवस हा पंप भिंतीवर नुसता शोभेला राहील. इथल्या मराठी घरांमध्ये हिवाळ्यात महिना-दीड महिना गावी जाणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि पंप विकणारा हे सांगायला विसरतो, म्हणून मुद्दाम जोर देते. उपाय सोपा आहे, पण तो बसवतानाच करावा लागतो. पंपाची लाइन मीटरच्या पुढे, पण घराच्या मुख्य व्हॉल्व्हच्या आधी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून काढायची आणि तिला तिचा स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यायचा. मग निघताना वरच्या घराचं पाणी बंद आणि पंपाचं चालू ठेवता येतं. ही लाइन बाहेरच्या भिंतीला चिकटवून नेऊ नका. बेसमेंटच्या आतल्या भागात ती सहसा गोठत नाही, तरी हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नसावा. तुमच्या मीटरपाशी अशी टी टाकायला जागाच नसेल, तर पाच आठवड्यांच्या गैरहजेरीसाठी मी तुमच्या बाजूने, म्हणजे बॅटरीच्या बाजूने मत देईन.

मिस्टरांनी स्वतः बसवावा का? न्यू जर्सीत स्वतःच्या मालकीच्या आणि स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घरात मालकाला प्लंबिंग करता येतं, पण परमिट काढून आणि तपासणी करून घेऊन. त्यांचा हात चांगला असेल तर पाइप कापणं, जोडणं त्यांना जमेल. मला धास्ती आहे ती एकाच जागेची. या पंपात पिण्याचं पाणी आणि खड्ड्यातलं मातकट पाणी एकाच यंत्रात भेटतात. रस्त्यावरची जलवाहिनी फुटली किंवा अग्निशमन दलाने जवळच्या हायड्रंटमधून जोरात पाणी ओढलं, तर लाइनमधला दाब उलटू शकतो आणि खड्ड्यातलं पाणी तुमच्या, कदाचित शेजाऱ्यांच्याही, स्वयंपाकघराच्या नळाकडे खेचलं जाऊ शकतं. ते अडवणारं उपकरण म्हणजे बॅकफ्लो प्रिव्हेंटर. त्याचे प्रकार आहेत आणि कोणता चालेल हे टाउनशिपचा प्लंबिंग इन्स्पेक्टर आणि पाणी पुरवणारी कंपनी ठरवतात. सगळ्यात कडक प्रकार आरपीझेड. त्यातून अधूनमधून पाणी बाहेर गळतं, म्हणून तो खड्ड्यात किंवा पाणी चढेल अशा जागी कधीच बसवायचा नाही, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची दर वर्षी प्रमाणित माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. काही गावांत पाण्यावर चालणारे पंप चालतच नाहीत. तेव्हा आधी इन्स्पेक्टरला फोन, मग खरेदी. बॅकफ्लोपुरतं काम तरी परवानाधारक प्लंबरकडून करून घ्या, एवढा हट्ट तुम्ही जरूर धरा. लातूरच्या मुलीने पाण्यासाठी धरायचा हट्ट हाच आहे.

बाकी बसवणीबद्दल थोडक्यात. बॅकअपचा फ्लोट मुख्य पंपाच्या सुरू होण्याच्या खुणेपेक्षा काही इंच वर, पण खड्ड्याच्या काठाच्या बराच खाली. बाहेर जाणारा पाइप शक्यतो वेगळा. एकाच पाइपात दोन्ही पंप जोडावे लागले तर दोघांनाही आपापला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, हवा, नाहीतर एकाने फेकलेलं पाणी दुसऱ्यातून परत खड्ड्यात येतं. या पाइपातून खड्ड्याचं आणि नळाचं असं दोन्ही पाणी जाणार, तेव्हा तो अरुंद करू नका आणि वळणं कमीत कमी ठेवा. पाइपाचं तोंड घराच्या पायापासून लांब, उताराच्या बाजूला, बर्फाने बुजणार नाही असं. सांडपाण्याच्या गटारात हे पाणी सोडायला बहुतेक टाउनशिपमध्ये बंदी आहे. आणि मुख्य पंप सात-आठ वर्षांचा झाला असेल तर त्याच खर्चात तोही बदला. वीज असतानाही थकलेला पंप दगा देतो.

चाचणीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण पंप आणणारे पुष्कळ, तपासणारे थोडे. कोरड्या दिवशी करा. मुख्य पंपाचा प्लग काढा आणि बागेच्या पाइपने खड्ड्यात पाणी सोडा. पाणी मुख्य पंपाची खूण ओलांडून वर चढेल, बॅकअपचा फ्लोट उचलला जाईल आणि व्हॉल्व्ह उघडल्याचा सूंऽऽ असा सलग आवाज येईल. अलार्म वाजला का बघा. आता बागेचा पाइप बंद करा. खड्ड्याच्या भिंतीवर आधीच चिकटवलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर पाणी किती सेकंदांत उतरतं ते मोजा. नऊ इंच उतरायला ४० सेकंद लागले, तर मिनिटाला साधारण १५ गॅलन, तासाला सुमारे ८९०. हा आकडा पावसात मोजलेल्या आकड्याच्या निदान दुप्पट हवा. त्याच वेळी एकाने बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडाशी धार अखंड आहे ना आणि पाणी घराच्या पायाकडे परत येत नाही ना, ते बघावं.

मग हीच चाचणी वरचा शॉवर आणि वॉशिंग मशीन चालू ठेवून करा. तेव्हा दाब पडतो आणि पंपाची खरी ताकद कळते.

फ्लोट खाली आल्यावर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरपाशी जा. बऱ्याच मीटरवर एक लहानसा लाल त्रिकोण असतो, थेंबभर पाणी गेलं तरी तो हलतो. तो पूर्ण स्थिर झाला पाहिजे. किंचितही फिरत असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह नीट मिटलेला नाही आणि पिण्याचं पाणी गुपचूप खड्ड्यात ठिबकतंय. व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी असं होतं. तुम्हाला ज्या नासाडीची भीती आहे, ती इथे डोळ्यांनी पकडता येते. शेवटी मुख्य पंपाचा प्लग परत लावा आणि दोन बादल्या ओतून तो सुरू होतो याची खात्री करा. प्लग लावायचा राहून जातो, म्हणून चाचणी चालू असेपर्यंत गाडीची किल्ली त्या प्लगपाशी ठेवा.

ही सगळी चाचणी दर तीन महिन्यांनी, आणि भारतात निघायच्या आठवड्यात एकदा. ती फक्त मिस्टरांना येत असेल तर अर्धीच येते. तुम्ही स्वतः एकदा करा, मुलांना दाखवा, आणि ज्यांच्याकडे घराची किल्ली ठेवता त्या शेजाऱ्यांनाही अलार्मचा आवाज ऐकवून ठेवा. फोनवर सूचना पाठवणारे अलार्म चांगले, पण वीज गेली की घरातला राउटरही बंद पडतो.

बादल्यांच्या त्या रात्रीबद्दलही सांगायला हवं. पुन्हा कधी बेसमेंटमध्ये पाणी साचलं आणि ते भिंतीतल्या प्लगच्या खोक्यांपर्यंत किंवा जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डपर्यंत पोचलं असेल, तर कोणीही त्यात पाय टाकू नका. वीज गेलेली असते आणि अचानक परत येते. कार्पेट गेलं तर जाऊ दे.

विम्याचे कागदही काढून बघा. साध्या घरविम्यात सम्प भरून वाहिल्याचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम वाढवून घ्यावं लागतं. पूरविमाही ती उणीव भरून काढत नाही, आणि बेसमेंटमधल्या सामानाला तो फार थोडं संरक्षण देतो. एजंटला विचारताना ‘सम्प ओव्हरफ्लो’ हाच शब्द वापरा आणि उत्तर लेखी मागा.

मीटरपाशी टी टाकता येत असेल, दाब पुरत असेल आणि पावसातला आकडा आवाक्यात असेल, तर तुमच्या घरासाठी माझं मत पाण्यावरच्या पंपाला आहे, अलार्म आणि प्लंबरने बसवलेल्या बॅकफ्लो प्रिव्हेंटरसह. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल तर बॅटरी घ्या आणि पाच आठवड्यांसाठी शेजाऱ्यांना सांगून जा. परमिट, तपासणी आणि निदान एका खऱ्या पावसातली चाचणी, एवढं सगळं डिसेंबरच्या आधी व्हायचं आहे, तेव्हा टाउनशिपला फोन याच आठवड्यात करा.